यंदा आत्यांची चटणी चुकली, म्हणजे स्मृतिभ्रंश का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या सासूबाई ६८ वर्षांच्या, तुम्ही त्यांना आत्या म्हणता. शिक्षण चौथीपर्यंत. तीस वर्षं घरची कांदा-लसूण चटणी त्याच करतात, शिवाय भावकीतल्या तीन घरांची. यंदा एप्रिलमध्ये एका घराच्या चटणीत मीठ दोनदा पडलं, खसखस करपली, आणि डंकावर (चटणी कांडून देणाऱ्या यंत्रावर) गेल्यावर लक्षात आलं की भाजलेलं खोबरं घरीच राहिलंय. एकच गोष्ट दिवसातून चार-पाच वेळा विचारतात. भिशीचा हिशेब वीस वर्षं त्यांच्याकडं होता, तो दिवाळीनंतर दुसरीकडं दिला. तुमचे मिस्टर म्हणतात, 'वय झालं, साठी बुद्धी नाठी.' एका डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या गोळ्या लिहून दिल्यात. तुम्ही विचारलंय, हा अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, आहे का आणि थेट एमआरआय करून घ्यावा का.

कोल्हापुरात चोवीस वर्षं मी म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याच्या तक्रारी बघतेय. न तपासता निदान सांगणार नाही. पण निदान कुठल्या वाटेनं होतं ते सविस्तर सांगते, कारण ही वाट माहीत नसल्यामुळं लोक एकतर दोन वर्षं घरी बसतात, नाहीतर पहिल्याच दिवशी दहा हजारांच्या तपासण्या करून येतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. आणि एक आत्ताच सांगते: चटणीबद्दल तुम्ही लिहिलेल्या चार ओळी मला एमआरआयच्या रिपोर्टपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

वर्षाची चटणी म्हणजे किती अवघड काम आहे, हे करणाऱ्या बाईलाही जाणवत नाही. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, दोन्हीचं प्रमाण धरायचं. धणे, जिरे, तीळ, खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, प्रत्येकाची आच वेगळी. खसखस क्षणात करपते, खोबऱ्याला दम लागतो. कांदा तळून कोरडा करायचा. मिरची किती किलो, त्यावर मीठ किती, हे चार घरांचं चार प्रकारे डोक्यात ठेवायचं. डंकावर नंबर येईपर्यंत शेजारणीशी बोलत बसायचं आणि तरी काय घातलं, काय राहिलं याचं भान सुटू द्यायचं नाही. कामांचा क्रम लावणं, आत्ता केलेलं लक्षात धरणं, मध्येच कुणी बोललं तरी धागा न तुटणं, हे सगळं या एका कामात येतं. शिकलेल्या माणसाची परीक्षा कागदावर घेता येते. आत्यांची परीक्षा दर उन्हाळ्यात होत आलीय आणि पेपर तीस वर्षं तोच आहे. म्हणून यंदाच्या चुका मी हलक्यात घेणार नाही.

हा आजार ज्या बाईमुळं जगाला कळला, तिची सुरुवातही अशीच होती. १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची गृहिणी दाखल झाली. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिच्या नोंदी ठेवल्या. घरच्यांनी सांगितलं ते असं: आधी नवऱ्यावर विनाकारण संशय, मग विसरणं, मग स्वयंपाकात चुका आणि घरखर्चाच्या पैशांकडं दुर्लक्ष. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर अल्झायमरनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ते सगळं डॉक्टरांच्या सभेत मांडलं. आज आपल्याकडं कितीतरी यंत्रं आहेत, पण निदानाची सुरुवात अजून तिथूनच होते: घरातल्या माणसानं सांगितलेल्या हकिकतीपासून.

वयानं होणारं विसरणं आणि आजाराचं विसरणं यांत फरक असतो. नाव जिभेवर येऊन अडकणं, चष्मा न सापडणं, स्वयंपाकघरात जाऊन 'मी कशाला आलो' म्हणून उभं राहणं, हे साठीनंतर जवळजवळ सगळ्यांचंच होतं. नाव थोड्या वेळानं आपोआप आठवतं. लग्नाला गेलो होतो, जेवायला काय होतं ते आठवत नाही, याची काळजी नको. पण मागच्या आठवड्यात लग्नाला गेलो होतो हेच पुसलं गेलं, आठवण करून दिली तरी 'कुठलं लग्न?' असा चेहरा झाला, तर तपासायला हवं. तसंच, रोजच्या हातखंड्या कामात नव्यानं चुका होणं आणि चूक झाल्याचं आपलं आपल्याला न कळणं.

माझ्याकडं कुणी आलं की मी आधी पेशंटशी गप्पा मारते, मग घरच्या माणसाला वेगळं बसवून दोन गोष्टी विचारते. पाच वर्षांपूर्वी त्या एकट्यानं काय काय करत होत्या, जे आता करत नाहीत? आणि ते काम त्यांनी सोडलं, की तुम्ही हळूच काढून घेतलं? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक सुना थांबतात आणि विचारात पडतात. आपल्या एकत्र घरांत आजार लपतो तो इथं. आईंनी गॅस चालू ठेवला म्हणून एक दिवस सुनेनं स्वयंपाक घेतला, नातू बँकेचं बघू लागला, मुलगा गोळ्या हातात देऊ लागला. सगळं प्रेमानंच होतं, आणि तीन वर्षांनी कुणाच्या लक्षातही राहत नाही की ही बाई एकेकाळी केएमटीच्या बसनं एकटी जाऊन लक्ष्मीपुरीतून महिन्याचं धान्य भरून आणायची. तुम्ही भिशीचा हिशेब 'दुसरीकडं दिला' असं लिहिलंय. तो कुणी दिला, कसा दिला, त्याआधी पैशाचा घोळ झाला होता का, हे आठवून ठेवा.

तिसरी गोष्ट वेगाची. अल्झायमर वर्ष-दोन वर्षांत नकळत सरकत येतो, नेमकी तारीख कुणाला सांगता येत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांमुळं होणारा स्मृतिभ्रंश बऱ्याचदा पायऱ्या उतरल्यासारखा येतो: एकदम घसरण, मग काही महिने स्थिर, मग पुन्हा घसरण. आणि दोन-चार दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागलं, दिवसा गुंगी, रात्री आरडाओरडा, तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी ठेवू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, साखर एकदम उतरणं, नवीन औषध, अशा कारणांनी हे होतं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

गप्पांमध्येच बरंच कळतं. मी विचारते, 'आजी, वय किती झालं?' आजी माझ्याकडं बघत नाहीत, मान वळवून मुलाकडं बघतात आणि हसतात. पुढचा प्रश्न, पुन्हा मान वळते. ही मान वळणं आम्ही टिपून ठेवतो, अल्झायमरमध्ये ते फार दिसतं. उलट काही जण खुर्चीत बसता बसताच सांगतात, 'डॉक्टर, माझं डोकं गेलं, मला काहीच आठवत नाही,' आणि मग कधी, कुठं, काय विसरलं याची तारीखवार यादी देतात. तिथं मला आधी नैराश्य शोधावंसं वाटतं. जोडीदार गेल्यानंतर, किंवा मुलं पुण्याला गेल्यावर घर रिकामं झाल्यानंतर हे विसरणं सुरू झालंय का ते बघते. नैराश्यानं मन कशातच लागत नाही आणि ज्यात मन लागलं नाही ते आठवणीत बसत नाही. ते उपचारानं सुधारू शकतं. अर्थात उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असतं, म्हणून उपचार करून सहा महिन्यांनी पुन्हा तपासते.

आता कागदावरच्या परीक्षेबद्दल. ३० गुणांची एमएमएसई नावाची चाचणी १९७५ पासून जगभर वापरतात, आणि २००५ मध्ये आलेली मोका ही थोडी कठीण, सुरुवातीचे फरक पकडणारी. दोन्ही शाळेत गेलेल्या माणसांसाठी बनल्यात. मोकामध्ये घनाकृती बघून काढायची असते. ज्या बाईनं चौथीनंतर पेन्सिल धरली नाही तिला ते काढता आलं नाही, तर त्यात आजार कुठं आला? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तरी सत्तरीच्या कितीतरी बायका आजही मला सांगतात की धाकट्या भावंडांना सांभाळायला शाळा सोडली. त्यांचे गुण शिक्षण धरूनच वाचावे लागतात. निरक्षर माणसांसाठी एमएमएसई बदलून हिंदीत केलेली चाचणी हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत तयार झाली, त्याच धर्तीवर मी प्रश्न विचारते. तारीख विचारत नाही, 'आत्ता कुठला सण झाला, पुढं कुठला?' असं विचारते. आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावते. पाचशेची नोट दिली, एकशे ऐंशीची भाजी घेतली, परत किती? एका मिनिटात बाजारातल्या भाज्यांची नावं सांगा. काही जणी थांबतच नाहीत. काही सातव्या-आठव्या भाजीला अडकतात आणि मेथी, वांगं, मेथी असं फिरू लागतात.

आणि पाच शब्द. गूळ, चप्पल, तळं, घंटा, नथ. दोनदा म्हणवून घेते, मग दुसरं बोलणं काढते, पाच मिनिटांनी विचारते. इथं एक बारीक गोष्ट बघायची असते, ती घाईच्या ओपीडीत राहून जाते. शब्द आठवला नाही की मी खूण देते: 'एक गोड वस्तू होती.' काहींना लगेच 'हां, गूळ!' असं सुचतं. म्हणजे शब्द आत साठला होता, बाहेर काढायला त्रास झाला. नैराश्यात, रक्तवाहिन्यांच्या आजारात, झोप नीट नसताना असं होतं. काहींना खूण देऊनही येत नाही, उलट त्या 'साखर' म्हणतात, किंवा 'असं काही सांगितलंच नव्हतं तुम्ही' म्हणतात. म्हणजे शब्द आत गेलाच नाही. मेंदूच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग नवीन आठवण साठवतो, आणि अल्झायमर फार लवकर तिथंच लागतो. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीची कुस्ती डावपेचांसकट आठवते आणि सकाळचा नाष्टा आठवत नाही. घरचे म्हणतात, 'जुनं तर सगळं आठवतंय की,' आणि निश्चिंत होतात.

उलट टोकही असतं. एक निवृत्त शिक्षक ३० पैकी २८ गुण घेऊन बाहेर पडले. बायको दारातच थांबून म्हणाली, 'मॅडम, ह्यांना आता वीजबिल कळत नाही.' मी गुणांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवला. सविस्तर चाचण्या तीन तास चालतात, त्या करून घेतल्या, आणि दोष स्पष्ट दिसला. फार शिकलेल्या माणसाकडं इतका साठा असतो की छोट्या परीक्षेत तो निभावून जातो.

कान आणि डोळे तपासल्याशिवाय मात्र कुठल्याही गुणांवर विश्वास ठेवू नका. ऐकूच आलं नाही तर आठवणार काय? कानातला मळ काढून परत आलेल्या आजोबांचे गुण वाढलेले मी पाहिलेत. आत्यांच्या बाबतीत मी वासाचंही विचारीन. खसखस करपली, ती लक्ष न राहिल्यामुळं की करपल्याचा वासच न आल्यामुळं? सर्दी-सायनसनं, कोविडनंतर वास जातो. अल्झायमर आणि पार्किन्सनमध्येही तो लवकर कमी होऊ शकतो. मोतीबिंदूनं मिठाचं माप चुकू शकतं, पण मीठ दोनदा घालण्याला मोतीबिंदूचं कारण पुरत नाही.

यानंतर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते तो दुरुस्त होणारं कारण शोधण्यात. तुम्ही येताना आत्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा, बंद केलेल्यासुद्धा, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा. झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या म्हणून वर्षानुवर्षं चाललेलं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, सर्दी-खाजेची जुनी सेटिरिझिनच्या आधीच्या काळातली औषधं, लघवी धरून ठेवण्यासाठीच्या काही गोळ्या, हात थरथरतात म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल, नसांसाठी म्हणून दिलेलं अमिट्रिप्टिलीन, ही सगळी म्हाताऱ्या मेंदूवर धुकं आणतात. पण यातली कुठलीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, विशेषतः झोपेची. ती हळूहळू उतरवावी लागते.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, किंवा ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी घेत असतील, तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. कोल्हापुरात लोक मला सांगतात, 'आम्ही मटण खातो, आम्हाला कुठलं बी-१२ कमी?' खाऊनही शोषलं गेलं नाही तर ते कमीच राहतं, उतारवयात पोटातलं आम्ल कमी झाल्यावर तर जास्तच. थायरॉइड मंद झालं तरी माणूस मंद होतो, थंडी वाजते, आवाज जाड होतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. म्हणून पहिल्या भेटीत रक्ताच्या साध्या तपासण्या: हिमोग्लोबिनसह पेशी, साखर, सोडियम, किडनी, लिव्हर, थायरॉइडचं टीएसएच, बी-१२, आणि गरज वाटली तर एचआयव्ही व सिफिलिस. रोजची दारू असेल तर तीही मोकळेपणानं सांगा. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हेसुद्धा.

एक हकिकत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पन्हाळ्याच्या बाजूच्या गावातले ७४ वर्षांचे शेतकरी आले. महिन्याभरात विसरू लागले होते, गुरांना वैरण दोनदा घालायचे, डेअरीला दूध घालायचं विसरायचे. मी गुण मोजले, कमी आले, बी-१२ ची इंजेक्शनं लिहिली आणि दोन महिन्यांनी या म्हणाले. पडले होते का, हे मी विचारलंच नाही. बारा दिवसांनी त्यांची लेक त्यांना घेऊन आली, उजवा पाय ओढत होते. तिला विचारल्यावर कळलं, दीड महिन्यापूर्वी गोठ्यात शेणावरून घसरले होते, डोकं दावणीला लागलं होतं, रक्त आलं नाही म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्त साचून मेंदू दाबलेला दिसला. छिद्र पाडून रक्त काढलं आणि तीन आठवड्यांनी ते स्वतः किटली घेऊन डेअरीला गेले. ती लेक आली नसती तर ते माझ्या चुकीनं गेले असते. तेव्हापासून प्रत्येकाला विचारते: गेल्या तीन महिन्यांत कुठं पडलात? गाडीवरून, न्हाणीत, जिन्यात? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? आत्या पडल्या असतील तर हे उत्तर वाचून थांबू नका, आजच स्कॅन करा.

तसंच एक त्रिकूट ध्यानात ठेवा: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसरणं. तिन्ही एकत्र असतील तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी वाढलंय का ते बघावं लागतं. काहींना शस्त्रक्रियेनं बराच फरक पडतो, चालण्यात तर विशेष.

आता एमआरआय. करायचा, पण या सगळ्यानंतर, आणि काय शोधायचंय ते ठरवून. साचलेलं रक्त, गाठ, वाढलेलं पाणी, पक्षाघाताचे छोटे झटके येऊन गेल्याच्या खुणा, हिप्पोकॅम्पस आकसलाय का, एवढ्यासाठी. परवडत नसेल तर साध्या सीटी स्कॅननंही मोठी कारणं वगळता येतात, आणि खासगीचा खर्च झेपत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीपासून सुरुवात करा. रिपोर्टमध्ये 'मेंदू आकसला आहे' असं वाचून लोक रडत येतात. सत्तरीच्या पुष्कळ धडधाकट माणसांच्या रिपोर्टमध्ये ते वाक्य असतं. आणि एमआरआय नॉर्मल आला म्हणून सुरुवातीचा अल्झायमर नाही असंही म्हणता येत नाही.

हे सगळं झाल्यावर मी स्वतःला एक प्रश्न विचारते: माणूस रोजचं जगणं स्वतःच्या हिमतीवर चालवतोय का? चाचणीत दोष आहे पण पैसे, औषधं, बाहेर जाणं, स्वयंपाक थोड्या कष्टानं का होईना स्वतः होतंय, तर त्याला सौम्य बोधन-दोष म्हणतात, डॉक्टर एमसीआय म्हणतील. दवाखान्यात येणाऱ्या अशा लोकांपैकी दरवर्षी साधारण १० ते १५ टक्के स्मृतिभ्रंशाकडं जातात. बरेच जण तसेच राहतात, काही तर पुन्हा नॉर्मल होतात. म्हणून या टप्प्यावर शिक्का मारण्याची घाई नको, सहा महिन्यांनी किंवा वर्षानं तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. रोजच्या जगण्याला दुसऱ्याचा आधार लागायला लागला की मग स्मृतिभ्रंश. तुमच्या पत्रावरून आत्या या दोन्हींच्या सीमेवर कुठंतरी असाव्यात असं वाटतं. आणि त्या एकट्या नाहीत. भारतात साठीच्या पुढच्या १०० माणसांत साधारण ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त.

स्मृतिभ्रंशाचे प्रकार पुष्कळ आहेत, सगळे सांगत बसत नाही. पण एक सांगायलाच हवा. आजोबांना घरात लहान मुलं, माणसं, जनावरं दिसतात, झोपेत हातपाय झाडतात, एक दिवस अगदी चांगले तर एक दिवस गुंग, चाल मंदावलीय, असं असेल तर तो लेवी बॉडी प्रकार असू शकतो. अशांना शांत करायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर शरीर लाकडासारखं ताठ होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. कुठल्याही दवाखान्यात दाखल करताना हे आपणहून सांगा.

रक्तातून अल्झायमर कळतो का, असं हल्ली खूप जण विचारतात. पी-टाऊ २१७ नावाच्या प्रथिनावर आधारलेल्या एका रक्तचाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली. ती लक्षणं असलेल्या माणसासाठी आहे, आणि तज्ज्ञानं तपासल्यावर. 'माझ्या आईला होतं, मला होईल का बघू' म्हणून धडधाकट माणसानं करायची ती नव्हे. लेकॅनेमॅब, डोनानेमॅब ही शिरेतून द्यायची नवी औषधं अगदी सुरुवातीच्या टप्प्यातच वापरतात. त्यांनी घसरण थोडी मंदावते, थांबत नाही, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. जुनी औषधं, डोनेपेझिल आणि त्याच्या जोडीची, काहींना काही काळ थोडी उभारी देतात. ती सुरू करण्याआधी नाडी आणि ईसीजी बघायला हवा, कारण ठोके मंद होऊ शकतात. आत्यांना दिलेल्या 'स्मरणशक्तीच्या' गोळ्यांचं पाकीट आणा, मग बोलू. टॉनिकनं हा आजार थांबतो याला पुरावा नाही, आणि टॉनिक चालू आहे या समाधानात तपासणी लांबते, हे मला जास्त खुपतं.

हातात आहे ते रक्तदाब, साखर, कान, झोप, चालणं आणि माणसांत मिसळणं. कान कमी असतील तर श्रवणयंत्र. घरात मिश्री किंवा तंबाखू असेल तर ती सोडवा. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं अशी १४ कारणं मोजली आणि म्हटलं की जगभरातल्या स्मृतिभ्रंशाचा ४५ टक्क्यांपर्यंतचा भाग तत्त्वतः टाळता किंवा लांबवता येण्यासारखा आहे.

तुमच्या मिस्टरांबद्दल. ते 'वय झालं' म्हणतात त्यात भीती असते, मी फार मुलांत ती पाहिलीय. वाद घालू नका. बी-१२ आणि थायरॉइड बघून येऊ, दुरुस्त होणारं काही असेल तर आत्ताच होईल, एवढंच सांगा. ते खरंही आहे. आत्यांना खोटं सांगून आणू नका. 'कान, डोळे, रक्त आणि विसरणं, सगळंच एकदा दाखवून घेऊ' म्हणा. निदान स्मृतिभ्रंशाचं निघालं तर ते त्यांनाही सांगायचं असतं, त्यांना झेपेल त्या भाषेत. सुरुवातीला त्यांना कळतं, आणि घर, दागिने, बँक, पुढं कुणाजवळ राहायचं हे त्यांचं त्यांना ठरवता येतं. मृत्युपत्र करायचं असेल तर ते याच काळात, डॉक्टरांच्या दाखल्यासह. मुखत्यारपत्रावर विसंबू नका, आपल्या कायद्यात देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे. आणि तुमच्या मनावर ताण येईल तेव्हा, तो येणारच, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

येताना गोळ्यांची पिशवी, जुने रिपोर्ट, चष्मा, कानाचं यंत्र असेल तर ते, आणि एका कागदावर गेल्या वर्षभरातल्या आठ-दहा घटना तारखेच्या अंदाजासह लिहून आणा. 'विसरतात' असं लिहू नका, 'गौरी-गणपतीत हे झालं, संक्रांतीला ते झालं' असं लिहा. आत्यांना ओळखणारं पण घरात न राहणारं कुणी, त्यांची बहीण किंवा लग्न झालेली लेक, सोबत आली तर फार बरं. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, सणावारी येणाऱ्याला दिसतो.

आणि चटणीचं काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. पुढच्या एप्रिलला फक्त तुमच्या घरची करा, चार घरांची नको. वस्तू क्रमानं वाट्यांत मांडून ठेवा, घातलं की वाटी उपडी करा. भाजणं त्यांनाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा. किलोला मीठ किती, ब्याडगी किती, संकेश्वरी किती, हे त्यांच्या तोंडून आत्ताच वहीत उतरवून घ्या.